जाड कापडात धार

सुताराने पेटीत हात घातला आणि हात थेट तळाला टेकला. पेटी रिकामी होती. बोटांना लागला तो फक्त भुसा.

"अगं, माझी हत्यारं कुठे गेली?"

आतल्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. "कुठे जाणार? घरातच आहेत," बायको म्हणाली. "आज बरी आठवण झाली त्यांची."

आठवण कसली. पुतण्या पेटी न्यायला येणार होता. सुतारानेच त्याला बोलावलं होतं. डोळ्यांपुढे दुधाचा पडदा आला होता. डॉक्टरांनीही हात टेकले होते. मागे एकदा कानस म्हणून पटाशी उचलली आणि तळहात चिरला, तेव्हापासून त्याने पेटी उघडली नव्हती. देऊन टाकण्याआधी सगळ्यांवरून एकदा हात फिरवावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

बायको बाहेर आली. त्याच्या दंडाला धरून तिने त्याला खिडकीशेजारच्या भिंतीपाशी उभं केलं.

"बघा."

"मी काय डोंबल बघणार?"

"हाताने बघा."

छातीच्या उंचीला भिंतीवर कापड लागलं. लांबच लांब कापड आणि त्यावर ओळीने शिवलेले कप्पे. पहिल्या कप्प्यावर बोटं थबकली. बारीक बारीक उभ्या सऱ्या. कॉर्ड्रॉय.

"ही माझी थंडीतली पँट."

"होती," बायको म्हणाली.

ती घालून त्याने एका हिवाळ्यात अख्ख्या सभागृहाला लाकडी जमीन घातली होती. गुडघे टेकून टेकून पँट जिथे गुळगुळीत झाली होती, तो गुळगुळीतपणाही कप्प्यावर तसाच होता. आत पटाशी होती, मूठ वर करून.

पुढचं कापड बोटाखालून निसटलं. जुना रेनकोट, आत तेलाची बाटली. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी क्षणभर त्याच्या डोक्यावर टपटप वाजलं. त्याच्या पुढे मखमल होती. लेकीचा फ्रॉक. तो घालून ती रंध्याखालच्या सालींच्या ढिगात झोपून जायची. आता ती परगावी तिच्या संसारात होती. बोटाखाली मात्र अजून झोपलेलीच होती. सुताराने हात अलगद उचलला आणि पुढे ठेवला.

"धार आहे ते सगळं जाड कापडात," बायको सांगत होती. "बिनधारीचं ते मऊ कापडात. खरखर लागली की सांभाळा."

शेवटचा कप्पा सगळ्यांत लांब होता. दाट, ऊबदार लोकर, आत रेशमी अस्तर. त्यात करवत उभी होती. 

"हा तुझा कोट."

"हं."

"चांगला होता गं."

"चांगला आहे. म्हणून तर करवतीला पुरला."

तो हिरवा कोट घालून ती बाहेर पडली की तो मुद्दाम दोन पावलं मागे राहायचा, नुसतं बघायला. आता त्याने तळवा लोकरीवर पसरला. दुधाच्या पडद्यात हळूहळू हिरवं काहीतरी उतरलं, रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेलं, वळून थांबलं. तो तसाच उभा राहिला. बायकोनेही घाई केली नाही.

मग ती म्हणाली, "पक्कड?"

त्याचा हात गेला, जीनच्या कप्प्यावरून पुढे सरकला आणि पक्कड घेऊन परत आला.

"गिरमिट?"

गिरमिट आलं. "कानस?" म्हटल्यावर हात जरा अडखळला, कॉर्ड्रॉयच्या सऱ्यांना लागताच मागे फिरला आणि कानसच घेऊन आला. सुतार स्वतःशीच हसला.

दार वाजलं. पुतण्या आत आला. "काका, पेटी न्यायला आलोय."

"ती बघ तिथे. खुशाल ने."

पुतण्याने पेटी उचलली आणि ती इतकी हलकी लागली की तो मागे झुकला. "काका, यात तर काहीच नाही. हत्यारं?"

"ती आता पेटीत राहत नाहीत," सुतार म्हणाला.

पुतण्याने भिंतीकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं. रिकामी पेटी काखेत मारून तो निघाला. दारात घुटमळून म्हणाला, "झकास झालंय, काकू." आणि गेला.

सुतार कप्प्यांपुढे उभाच होता. मग त्याने बाह्या वर सारल्या.

"तुला स्वयंपाकघरात फळी हवी होती ना गं?"

"कधीची."

"मग आज बसवू." त्याचे दोन्ही हात कापडावरून सरकले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. एकेक कप्पा त्याने चाचपला. "सगळं आहे. मोजायची टेप तेवढी सापडत नाही. टेप कुठल्या कप्प्यात घातलीस?"

"ती माझ्या खिशात आहे," बायको म्हणाली. "चला, एक टोक धरा."