पिवळी रेघ

"घसरत्या गाडीत ब्रेकला शिवायचं नाही. शिवलात, की गाडी तुमची राहिली नाही."

भिंगरी हे सगळ्यांना शिकवायचा. गाडी गरगर फिरवायचा म्हणून मित्रांनी त्याचं नाव भिंगरी पाडलं होतं. आज त्याच्याच घरी, त्याच्याच सोफ्यावर बसून त्याचे तिघे मित्र त्याचं वाक्य एकमेकांना ऐकवत होते, आणि टीव्हीवर त्याची निळी गाडी पुन्हा पुन्हा त्याच वळणावर येत होती.

व्हिडिओ बघायचा हट्ट बापाचा. जन्मभर बस चालवलेला माणूस. "नेमकं काय झालं ते मला एकदा नीट समजावून सांगा," म्हणून त्यानेच पोरांना बोलावलं होतं. आई आत स्वयंपाकघरात होती. तिला काही समजून घ्यायचं नव्हतं. येईल त्याला ती एकच सांगायची, "मस्तीत गेला." पोर गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, आणि बापाला त्याचीच भीती वाटायची.

तिघांतला गॅरेजवाला उठून टीव्हीपाशी गेला. "काका, हे बघा. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांची पकड सुटली. आता गाडी आडवी घसरतेय आणि ह्याने स्टिअरिंग उलटं दिलंय. हात बघा किती हलका! ह्याचं काही आपोआप होत नसे, काका. सगळं ठरवून."

"हात हलका होता, वेग नव्हता," लंबू म्हणाला. "परदेशी व्हिडिओत एवढा वेग चालतो, कारण रस्ता ओला असतो. आपलं गोदामाचं मैदान ठणठणीत कोरडं."

"ओला नसतो रे, टायर गुळगुळीत असतात. तू आपली स्कूटर सरळ चालव आधी."

"तू बोलू नकोस. गेल्या वर्षी स्वतःच्याच गॅरेजचं शटर कोणी ठोकलं?"

बाप किंचित हसला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी कोणाची खेचत होतं.

तिसरा नुसता पडद्याकडे बघत होता. त्याला सगळे फोटो म्हणत. भिंगरीचे सगळे व्हिडिओ तोच काढायचा. हाही त्यानेच काढलेला. टीव्हीला जोडलेला मोबाइल त्याच्या हातात होता.

"थांबव!" लंबू ओरडला. "इथे. मागचे दिवे बघ."

चित्र थांबलं. निळ्या गाडीच्या मागे दोन्ही दिवे लालभडक पेटले होते.

"ब्रेक," गॅरेजवाला हळू आवाजात म्हणाला.

"ब्रेक लागला, घसरण तुटली आणि गाडी नाकासमोर भिंतीत." लंबूने मान हलवली. "काका, राग मानू नका. आम्हाला शिकवणारा, आणि शेवटी नवशिक्यासारखं केलं त्याने. घाबरला."

"घाबरला?" बापाने विचारलं. एवढंच.

"नाही घाबरला." फोटोचा आवाज फुटला. त्याने व्हिडिओ मागे नेला, अगदी सुरुवातीला. "ही पिवळी रेघ दिसते? वळणाच्या बाहेर त्यानेच मारली होती, रंगाचा डबा आणून. बघणाऱ्यांनी रेघेच्या मागे उभं राहायचं. इथे ती माझ्या पुढे आहे."

मग त्याने पुन्हा लाल दिव्यांवर आणून थांबवलं. चित्रात खाली रेघ नव्हती, नुसतं काँक्रीट होतं.

"आता कुठेय?" लंबूने विचारलं आणि विचारताविचारताच फोटोकडे वळला.

"माझ्या मागे. जवळून शॉट हवा होता मला." फोटो टीव्हीकडे बघतच बोलत होता. "गाडीची शेपूट बाहेर झुलत माझ्यावर येत होती, आणि मला हलताच येईना. त्याने खिडकीतून बघितलं मला. बघितलं, काका. मग दिवे लागले."

गॅरेजवाला टीव्हीपाशी तसाच उभा राहिला. शेवटी बापाकडे वळून म्हणाला, "अशा वेळी पाय आपोआप जातो, काका."

"ह्याचं काही आपोआप होत नसे, असं तूच म्हणालास ना मघाशी?"

गॅरेजवाल्याने मान खाली घातली.

"मारा मला, काका," फोटो म्हणाला. "इतके दिवस सांगायला जीभच रेटली नाही."

बापाने हात उचललाही नाही. तो उठला, टीव्हीच्या अगदी जवळ गेला आणि गाडीच्या काळ्या खिडकीत डोळे बारीक करून बघत राहिला. आत काही दिसत नव्हतं.

"त्याला ठाऊक होतं? ब्रेक लावला की गाडी भिंतीत जाणार, ते?"

"आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त," फोटो म्हणाला.

बाप वळला. फोटोसमोर येऊन उभा राहिला.

"हे तिला सांग."

"काका, तुम्ही..."

"मी सांगितलं तर म्हणेल, पोराची बाजू घेतोय. तुझ्या तोंडून ऐकू दे. त्याने ज्याला वाचवलं त्या जिवाच्या तोंडून." मग हात जोडल्यासारखे करत म्हणाला, "शब्द दे मला. सांगशील."

"सांगतो, काका."

"साखर चालते ना रे सगळ्यांना?" आतून आईने विचारलं.

दोघा मित्रांनी एकमेकांकडे बघितलं. फोटोने मोबाइलची वायर काढली. टीव्ही काळा झाला. त्याने शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं, खोली ओलांडली आणि स्वयंपाकघराचा पडदा बाजूला धरून विचारलं, "काकू, आत येऊ?"