सातवा बोर्ड

सकीनाला ऐकू येत नाही, म्हणून हारुनने दारावरच्या बेलला लाल दिवा जोडला. त्याचं सर्किट त्याने घरीच आखलं आणि छापील कागदावर इस्त्री फिरवून तांब्याच्या बोर्डावर उतरवलं.

तो सातपूरच्या कंपनीतून परतला, तेव्हा ती दिव्यासमोरच बसली होती.

“आजही लागला नाही. आवेज बेल वाजवून परत गेला असेल. कंपनीतही असलेच बोर्ड बनवता का हो?”

मुलाने रागावून घर सोडलं, त्याला तीन वर्षं होत आली होती.

“एक सांधा मधूनच सुटतोय,” तिला ओठ वाचता यावेत म्हणून हारुन सावकाश म्हणाला. “नवा करतो.”

त्याने इस्त्री तापत ठेवली. खणातले पाच आणि बेलला लावलेला एक, असे आधीचे सहा बोर्ड होते. एकातही बिघाड नव्हता.