डावा इंडिकेटर

बायको गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. म्हणून जरा थरार तरी वाटेल, या आशेने मेव्हण्याने त्याला रोजची गाडी घेऊन रेसच्या ट्रॅकवर बळेच धाडलं.

पहिल्या फेरीनंतर ट्रॅकवरचा झेंडेवाला हसला. "काका, इथे इंडिकेटर देत नाहीत. त्या वळणावर डावीकडे नुसती टायरांची भिंत आहे."

"मी दिलाच नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या फेरीत तिथेच टिकटिक सुरू झाली. त्याने इंडिकेटर बंद केला, तर पुन्हा लागला. घरासमोर हा दिवा लुकलुकला की बायको फाटक उघडायला यायची.

तिसऱ्या फेरीत झेंडेवाला त्या वळणावर, टायरांच्या भिंतीपुढे उभा होता. तो हसला नाही. गाडीला वाट द्यावी तसा तो बाजूला सरकला.

इंजिनाच्या आवाजातही टायरांमागे फाटकाची कडी सरकलेली त्याला स्पष्ट ऐकू आली. भीतीसुद्धा वाटली नाही. रोजच्यासारखं त्याने स्टिअरिंग डावीकडे वळवलं.