दर सोमवारी पाच लाख

प्रिंटरमधून कागद निघाला. दीपकने तो उचलून जानूच्या हातात दिला, आणि देता देता आकडा वाचून घेतला. चालू खात्यातून बचत खात्यात, पाच लाख. व्यवहार यशस्वी.

"परत पाच?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सोमवार ना आज." जानूने कागदाची घडी खिशात घातली आणि पंधरा रुपये सुटे मोजून काउंटरवर ठेवले. "वहिनी बऱ्या हायत ना?"

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर दीपकचं सायबर कॅफे होतं. पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. २००६ साल होतं ते. लोक निकाल बघायला आणि फॉर्म भरायला यायचे. बँकेचे पैसे इंटरनेटवरून हलवणारा जानू एकटाच.

दोघं शाळेत एका बाकावरचे. दहावीनंतर जानू मुंबईला गेला आणि बारा वर्षांनी कुडपणला परत आला. तिकडे काय करत होता, कुणाला नीट ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे जमिनींची दलाली, कुणी म्हणे हॉटेलात भागी. जानू हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही.

मधल्या काळात त्याचं स्थळ नाते गावातल्या अंकिताला गेलं होतं. मुलाला घर नाही, धंदा नाही, म्हणून तिच्या वडिलांनी ते परत पाठवलं. मग अंकिता दीपकला दिली. लग्नानंतर त्यावरून दोघांत थट्टाही व्हायची. जानू परत आला आणि थट्टा बंद झाली.

"जानूच्या चहात साखर कमी टाकतेस," एका संध्याकाळी दीपक म्हणाला.

"त्यांना कमीच लागते."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. तुमच्यासमोरच तर सांगितलं." अंकिता भाकरी थापत राहिली. "काय झालंय तुम्हाला?"

दीपकने मनात सोमवार मोजले होते. आठ महिन्यांत पस्तीस. पाच लाखांनी गुणले की पावणेदोन कोटी होत होते. अंकिताने खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं तरी तिचे वडील तेव्हा चुकले असंच तिला वाटत असणार, असं त्याला वाटे. तिने नवी साडी नेसली तर वार कोणता ते तो बघे. सोमवार असला की दिवसभर जेवण जाईना. दुसरा वार असला तरी संशय होताच, कारण वार मुद्दाम बदलला असेल.

पावसाळा संपल्यावर त्याने ठरवलं. खेडच्या बाजूला एक जुना डंपर विकायला होता. हायवेच्या कामावर लावला तर महिन्याला चांगले पैसे सुटतील, असं मालक म्हणत होता.

"आपलं चाललंय की नीट," अंकिता म्हणाली. "कशाला नसती उठाठेव?"

"नीट चाललंय? लोक लाखांच्या उड्या मारतायत. आपण पाच-पाच रुपयांच्या प्रिंटा काढतोय."

"लोक म्हणजे कोण?"

तो डंपरच्या किमतीचा हिशेब कागदावर मांडू लागला. तिने कपाट उघडलं, पाटल्या काढल्या आणि त्याच्यासमोर ठेवून दुसऱ्या खोलीत गेली.

पाटल्या पुरल्या नाहीत. मग महाडच्या मुख्तारशेठ नावाच्या व्यापाऱ्याने कॉम्प्युटर आणि जागेचं डिपॉझिट असं सगळं दुकानच विकत घेतलं. सामान न्यायला टेम्पो सोमवारी दुपारी येणार होता.

त्या सोमवारी जानू आला तेव्हा चार मशीन खोक्यांत गेली होती. एकच चालू होतं.

"हे काय रे?"

"धंदा बदलतोय. डंपर घेतला."

जानूचा चेहरा उतरला. "दुकान विकलंस?" तो हळू म्हणाला. "कशाला रे?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा दीपकला बरं वाटलं. "माणसाने मोठं व्हायला नको?"

जानू मशीनसमोर बसला. त्याने नेहमीचं काम उरकलं, पण कागद काढला नाही. बाहेर कुडपणच्या गाडीचा हॉर्न वाजला तसा तो उठून धावतच गेला.

मशीन बंद करायला दीपक बसला. बँकेचं पान तसंच उघडं होतं. त्याने जुन्या नोंदी काढल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

सोमवारी पाच लाख चालूतून बचतीत. गुरुवारी पाच लाख बचतीतून परत चालूत. सोमवारी पुन्हा बचतीत. खाली, आणखी खाली, पार मार्चपर्यंत तेच. बाहेरून एक रुपया आलेला नव्हता. बाहेर गेलेला नव्हता.

दीपक मोठ्याने हसला. "अंकिता! ये गो खाली! बघ तुझ्या जानूची श्रीमंती!"

अंकिता जिना उतरून आली. ती स्क्रीनकडे जाणार तोच दारात जानू दिसला. त्याची गाडी चुकली होती. स्क्रीनवर काय उघडं आहे ते त्याने तिथूनच पाहिलं.

"एवढेच?" दीपकने विचारलं.

"एवढेच. बारा वर्षं कॅन्टीनमधी राबून जमवलेले. गुरुवारी महाडच्या कॅफेत जाऊन परत फिरवायचो."

"आणि हे कुणाला दाखवायला? हिला?"

"नाय रे." जानू रिकाम्या टेबलांकडे बघत होता. "तुला. इथं बसलो की तुझं दुकान दिसायचं, वरून वहिनींचा आवाज यायचा. कुडपणला पोचेपर्यंत जीव जळायचा माझा. वाटायचं, ह्या दीपकने पण एकदा तरी माझ्यावर जळावं."