पोरीची फिल्म

“मॅडम, ही तर माझी फिल्म लावली तुमी,” सांडू म्हणाला आणि हसला. “पोरीची लावा की.”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. दिव्याच्या काचेवर एमआरआयची फिल्म तशीच राहिली.

फिल्म ओळखण्यात सांडूचा हात धरणारं कुणी नव्हतं. पित्ताच्या नळ्या आवळत जाण्याचं दुखणं जडून त्याला आठ वर्षं झाली होती. दर वर्षी गंगापूरहून जीपनं संभाजीनगरला यायचं, श्वास रोखून मशीनमध्ये पडायचं आणि घरी जाऊन फिल्म खिडकीशी धरायची. मेघा शेजारी उभी राहायची. नळी कुठं आवळली, कुठं फुगली, ते बापलेक बोट ठेवून बघायचे. गावात कुणाला ऊस कळतो, कुणाला बैल. या दोघांना फिल्म कळायची.

आता मात्र यकृतच बदलावं लागणार होतं. “माझ्यातलं द्या,” मेघा म्हणाली. तेवीस वर्षांची पोर. तिच्या पोटाला सुरी लावून आपण जगायचं, हे सांडूच्या जिवाला पटेना. सहा महिने त्यानं नन्नाचा पाढा लावला. शेवटी तिनं जेवण सोडलं, तेव्हा कुठं तो नमला. तिचं यकृत चालेल का, हे बघायला काल तिची फिल्म काढली होती.

“सांडूभाऊ, आधी बसा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय.”

“बोलू की. पण आधी ही बदला. हे बघा, इथं आवळली, इथं फुगली. माझीच हाय, जुनी असंल.”

त्याला बाईंची कीव आली. दिवसभर एवढे पेशंट, माणूस चुकणारच. कोपऱ्यात नाव होतं, पण इंग्रजीत, आणि इंग्रजी त्याला बापजन्मी जमलं नव्हतं. तो दाराकडे वळला.

“मेघाला बाहेरच बसू द्या,” डॉक्टरबाई घाईनं उठल्या. तोवर त्यानं दार उघडलं होतं.

“मेघा, ये गं. यावरचं नाव वाचून दाव मॅडमला.”

मेघा आत आली. सवयीनं तिचं बोट आधी आवळलेल्या जागेवर गेलं, मग फुगलेल्या. मग तिनं कोपऱ्यातलं नाव वाचलं. ते तिचंच होतं.

“आबा,” ती म्हणाली, “आता तुमाला यकृत कुणाचं आणायचं?”