लेकुरवाळे किडे

पैज लागली ती किड्यांवर. सुलक्षणा प्रयोगशाळेत टाचणीच्या टोकाएवढे किडे पाळते, हे कळल्यापासून शेजारच्या घोडकेकाकांना गप्प बसवेना.

"एक जनुक बंद केलं की ते अंडी घालत नाहीत," ती म्हणाली, "आणि जास्त जगतात."

"अगं जा! लेकुरवाळ्याला यमसुद्धा टरकतो. अंडी घालणारे माझे. हरलो तर संक्रांतीला नऊवारी नेसून सोसायटीत वाण वाटीन."

मग जिन्यात भेटले की काकांचं सुरू, "काय गं, आमची लेकुरवाळी मंडळी बरी आहेत ना?" एक दिवस ती सगळी मेली. सुलक्षणाचे किडे वळवळतच राहिले.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी तिचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय चौतीस, पण अंडाशय पन्नाशीचं. आईचीही पाळी लवकर गेली होती ना? घराण्यातच आहे. स्वतःचं मूल आता अवघड." नवऱ्याला सांगायला तिची जीभ दिवसभर उचललीच नाही.

संध्याकाळी काका नऊवारी सावरत, नथ धरत हॉलमध्ये शिरले आणि एकच हशा पिकला. वाण वाटून झालं. तरी काकांचं पोट भरेना. नारळ घेऊन ते सुलक्षणासमोर उभे राहिले.

"जिंकलीस ना? मग ओटी भरायलाच हवी. पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण होऊ दे, बाई."

"काकू, दोन नारळ घाला," मागून तिचा नवरा म्हणाला. "जुळं होऊ दे."

सगळा हॉल हसला. सुलक्षणानं पदर आणखी पसरला.