साठवलेली उंची

सिद्धेश्वरचा उजवा अंगठा आता जेमतेम चार मिलिमीटर हलत होता. दिवाळीत सहा हलायचा. स्नायूंचा आजार पुढे सरकत होता. वैष्णवीने छोटी जॉयस्टिक त्याच्या अंगठ्याखाली चिकटपट्टीने बसवली, नाकावरचा श्वासाचा मास्क काढला आणि स्वतःचा हात इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या दांड्यावर, थ्रॉटलवर ठेवला. गेममधलं लढाऊ विमान एक, चालवणारे दोघे. दिशा भावाची, इंजिन बहिणीचं. मास्कशिवाय त्याला वीस मिनिटं मिळत.

“सिद्धूभाऊ, वर बसून अंडी उबवतोय का?” स्पीकरमधून प्रदीप ओरडला. “खाली ये की!”

कुर्डुवाडीचा प्रदीप तीन वर्षं त्याच्या जोडीने ऑनलाइन लढत होता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

“थांब,” सिद्धेश्वर म्हणाला. एका श्वासात एवढंच जमायचं. प्रदीपला ते थंड डोकं वाटायचं.

सिद्धेश्वर कधी वळत नसे. उंचीवर थांबायचा, एकदाच सूर मारून गोळ्या झाडायचा आणि मिळालेल्या वेगावर सरळ वर निघून जायचा. उंची म्हणजे साठवलेला वेग. घट्ट वळण घेतलं की दोन्ही जातात. लोक याला डावपेच म्हणायचे. घट्ट वळणाला अंगठा शेवटपर्यंत दाबून धरावा लागतो, हे वैष्णवीला ठाऊक होतं.

आतल्या खोलीत अव्वा, दोघांची आई, मशीनवर टॉवेलच्या कडा शिवत होती. गळ्याला भोक पाडून कायमचं मशीन लावायचं का, असं डॉक्टरांनी दिवाळीतच विचारलं होतं. नाही लावलं तर फार तर उन्हाळा निघेल. उत्तर सिद्धेश्वरने द्यायचं होतं. मार्च संपत आला तरी तो ‘बघू’ म्हणत होता.

“सिद्धूभाऊ, मेलो! मागं लागलाय!”

“पूर्ण,” सिद्धेश्वर म्हणाला. वैष्णवीने थ्रॉटल पुढे रेटलं. विमान कोसळल्यासारखं खाली गेलं. प्रदीपच्या मागचं विमान पेटलं.

“आता वर,” वैष्णवी म्हणाली. वेग सहाशे दहा होता. तेवढा पुरेसा होता.

दुसरा शत्रू वरून येत होता. सिद्धेश्वरने अंगठा शेवटपर्यंत दाबला.

“वळू नकोस. सिद्धू, सरळ काढ.”

चारशे. दोनशे ऐंशी. क्षितिज उभं राहिलं, शेतं गरगरत पडद्यावर आली. त्याचं नख पांढरं पडलं होतं. तो हसत होता. एकशे नव्वद. थ्रॉटल पूर्ण पुढे होतं. त्यापुढे वैष्णवीच्या हातात काही नव्हतं.

वरून गोळ्या आल्या. पडदा करडा झाला.

“आरं, तू आन वळलास?” प्रदीप म्हणाला. “शाळंतली पोरं बी असलं करत न्हाईत!”

वैष्णवीने माइक बंद केला आणि मास्क उचलला. सिद्धेश्वरने डोळ्यांनीच तिला थांबवलं.

“एकदा... वळून बघायचं होतं.”

“बघितलंस. आता मास्क घे.”

“अक्का. अव्वाला बोलव.”

बोलवावं लागलं नाही. आतलं शिलाई मशीन थांबलं. अर्धी कड शिवलेला टॉवेल तसाच हातात घेऊन अव्वा दारात उभी राहिली.

सिद्धेश्वरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. वाक्य तीन श्वासांचं होतं. त्याने ते मास्कशिवायच म्हटलं.

“डॉक्टरांना सांगा... गळ्याला भोक... पाडायचं न्हाय.”